रशियन साहित्याच्या वाटेला मराठी मुले हवीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या करिअर पुरवणीत परकीय भाषांवर जे पान आले ते मी नीट वाचले. जर्मन, जपानी, फ्रेंच, कोरियन यांना ऐसपैस जागा होती. रशियनच्या वाट्याला एक ओळ आली, ‘संरक्षण क्षेत्रात दुभाष्यांना मागणी’. ओळ खोटी नाही. पण रशियन भाषा आणि साहित्य हा विद्यापीठात रीतसर शिकण्याचा, संशोधन करण्याचा विषय आहे आणि त्यात मराठी मुलांसाठी मोठे काम शिल्लक आहे, याचा त्या पानावर मागमूस नव्हता. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

मी नाशिकची. पदवी विज्ञानाची. नंतर पुण्याला फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचे वर्ग केले आणि पुढे त्याच भाषेत एम. ए. केले. नोकरीची सगळी वर्षे तांत्रिक भाषांतरात गेली. ओझरचा विमान कारखाना जवळ असल्यामुळे आमच्या भागात रशियन पुस्तिका, नकाशे, सुट्या भागांच्या याद्या यांचे काम असे. मी एका खासगी कंपनीत ते करत होते. निवृत्तीनंतर एका वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून एकदा रशियन शिकवते. येणारी मुले बहुतेक मराठी माध्यमाची. त्यांचे प्रश्न रोज ऐकते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते आहे.

पहिला प्रश्न असतो, शिकायचे कुठे? बारावीनंतर थेट पदवीसाठी जायचे तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, म्हणजे ‘इफ्लू’, ही दोन नावे आधी घ्यावी लागतील. जेएनयूतले रशियन अध्ययन केंद्र ज्या संस्थेतून आले ती रशियन अध्ययन संस्था 1965 सालची, विद्यापीठापेक्षाही जुनी. तिथे बी. ए. ऑनर्सला प्रवेश घेताना रशियनचे एक अक्षरही येत नसले तरी चालते. सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शुल्क इतके कमी आहे की नाशिकमधल्या एका खासगी शिकवणीच्या महिन्याच्या फीमध्ये वर्ष निघावे. दिल्ली विद्यापीठात स्लाव्ह, म्हणजे रशियन ज्या कुळातली त्या भाषांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे रशियनबरोबर पूर्व युरोपातल्या इतर भाषांचीही ओळख होते. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, मुंबई विद्यापीठाचा कालिना संकुलातला रशियन विभाग आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ ही ठिकाणे आहेत. मुंबईत पेडर रोडच्या रशियन सांस्कृतिक केंद्रातही भाषेचे वर्ग चालतात.

इथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रमाणपत्र आणि पदविका हे अर्धवेळ अभ्यासक्रम म्हणजे पदवी नव्हे. ते करून भाषा येते, साहित्याचा अभ्यास होत नाही. प्राध्यापक, संशोधक किंवा साहित्याचा भाषांतरकार व्हायचे असेल तर एम. ए. पर्यंत जावेच लागते. मी रशियनमधून नोकरी केली ती भाषेच्या जोरावर. पण एखादे वाक्य असेच का लिहिले आहे, लेखक इथे कोणाशी वाद घालतो आहे, हे समजू लागले ते एम. ए. च्या दोन वर्षांत, पुश्किनपासून चेखवपर्यंत आणि तिथून अख्मातोवा-बुल्गाकोवपर्यंत ओळ न ओळ मूळातून वाचताना. ते वाचन कोणत्याही अॅपवर होत नाही. शिक्षक समोर बसून थांबवतात, परत वाचायला लावतात, तेव्हा होते.

भाषा अवघड आहे का? आहे. तेहेतीस अक्षरांची लिपी आठवड्यात येते, तिची भीती बाळगू नये. खरी कसोटी क्रियापदांची. क्रिया पूर्ण झाली की चालू राहिली यावरून क्रियापदच बदलते. आणि जाणे-येणे दाखवणाऱ्या क्रियापदांनी तर भल्याभल्यांना रडवले आहे. पण मराठी मुलाला दोन गोष्टी घरूनच मिळालेल्या असतात. एक, तीन लिंगे. हिंदी बोलणाऱ्या मुलाला नपुंसकलिंग नव्याने शिकावे लागते, आपल्याला नाही. दुसरी, विभक्ती. रशियनच्या सहा विभक्ती समजावताना मी शाळेतला प्रथमा-द्वितीयेचा तक्ता फळ्यावर काढते आणि वर्ग लगेच मान डोलावतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना हाच भाग जड जातो, कारण त्यांनी मराठी व्याकरण कधी मनावर घेतलेले नसते. मराठी चांगले असणे ही रशियन शिकण्याची उत्तम तयारी आहे, हे मी अनुभवाने सांगते.

दुसरा प्रश्न पोटापाण्याचा. एम. ए. नंतर यूजीसीची नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, देता येते. तिच्या विषयांत रशियन आहे. त्याच परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात. घरभाडे वेगळे. परभाषेच्या साहित्यात पीएच. डी. करणाऱ्या मुलीला घरच्यांकडे हात पसरावा लागू नये इतका हा आधार नक्की आहे. मात्र त्यापुढचे चित्र झाकून ठेवणे बरोबर नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा थोड्या, त्यातल्या अनेक रिकाम्या, आणि कॉलेजांत रशियन शिकवणारी माणसे तासिका तत्त्वावर राबतात. माझ्या ओळखीची एक उत्तम शिक्षिका वर्षानुवर्षे दोन गावांच्या दोन कॉलेजांत तास घेते आणि उन्हाळ्याच्या सुटीत तिला काहीच मिळत नाही. विद्यार्थी कमी म्हणून जागा भरत नाहीत, जागा भरत नाहीत म्हणून शिक्षक टिकत नाहीत, शिक्षक नाहीत म्हणून विद्यार्थी येत नाहीत. हे चक्र विद्यापीठ आणि सरकारनेच तोडायचे आहे. मुलांच्या अंगावर ते ढकलून ‘रशियनला स्कोप नाही’ म्हणणे हा अन्याय आहे.

आणि मागणी तर दाराशी उभी आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्या मुलांचे पाहा. वर्गातले शिक्षण इंग्रजीतून होते, पण रुग्णालयात खाटेवरचा म्हातारा पोट कुठे दुखते ते रशियनमध्येच सांगतो. मुले तिथे जाऊन गडबडतात. जाण्याआधी वर्षभर पद्धतशीर रशियन शिकवणारे, वैद्यकीय शब्दसंग्रह असलेले, मराठीतून समजावणारे पाठ्यपुस्तक मला हाताशी हवे असते. मला इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांवर भागवावे लागते. भाषा-अध्यापनशास्त्रात पीएच. डी. करू इच्छिणाऱ्याला याहून उपयोगी विषय कोणता?

रशियात जाऊन शिकण्याबद्दल बोलायचे तर रशियन सरकार दरवर्षी परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीच्या जागा देते. अर्ज ऑनलाइन भरायचा, पहिली निवड आपल्याकडच्या रशियन केंद्रांमार्फत होते, नंतर विद्यापीठ ठरते. शिक्षणशुल्क माफ असते. भाषा येत नसेल तर आधी एक वर्ष पूर्वतयारीचा वर्ग असतो. पदव्युत्तर आणि संशोधनासाठी ‘ओपन डोअर्स’ नावाची स्पर्धाही आहे. मॉस्कोची पुश्किन रशियन भाषा संस्था 1966 पासून परदेशी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना रशियन शिकवते आहे. पण विद्यावेतन तुटपुंजे असते, त्यात महिना निघत नाही. विमानभाडे आणि विमा स्वतःचा. पैसे पाठवण्याचे नेहमीचे मार्ग 2022 नंतर अडचणीचे झाले आहेत. हे सगळे घरात बसून नीट मोजावे आणि मगच अर्ज करावा. ‘टॉर्फल’ ही रशियनची प्रमाणित परीक्षा आहे; तिची पहिली पातळी इथेच पार करून गेलेले मूल तिथे निम्मे सुखी असते.

रशिया-युक्रेन युद्धाबद्दल बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. म्हणाले, “बाई, पोरगी हुशार आहे. पण लढाई चाललेल्या देशाची भाषा शिकून हिनं करायचं काय?” प्रश्न रास्त होता, आणि बापाच्या काळजीतून आला होता. मी त्यांना सांगितले की ही भाषा एका सरकारच्या मालकीची नाही. 2015 चे नोबेल मिळालेल्या स्वेतलाना अलेक्सियेविच बेलारूसच्या, लिहितात रशियनमध्ये. युद्धात होरपळलेल्या बायकांचे, अफगाणिस्तानात मेलेल्या सैनिकांच्या आयांचे बोल त्यांनी याच भाषेत जपले. कादंबरीकार चिंगीझ आयत्मातोव किरगिझ, कथाकार गोगोल युक्रेनच्या पोल्तावा प्रांतातला. युद्ध सुरू झाल्यावर जगभरच्या विद्यापीठांत या विषयाची फेरतपासणी सुरू झाली आहे. साम्राज्याच्या नजरेने लिहिलेले काय, साम्राज्याखाली दबलेल्यांनी लिहिलेले काय, हे वेगळे करून वाचले जाते आहे. अमेरिकेतल्या स्लाव्ह अभ्यासकांच्या मोठ्या संघटनेने 2023 च्या अधिवेशनाचा विषयच वसाहतवादापासून मुक्ती हा ठेवला होता. पाश्चात्त्य विद्यापीठांचे भाषा-सराव वर्ग रशियातून कझाकस्तान, किरगिझस्तानकडे वळले आहेत. आपण स्वतः दीडशे वर्षे परक्या साम्राज्यात काढलेली माणसे. या वादात आपल्या मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते इंग्रजी भाषांतरे वाचून सांगता येणार नाही.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. मुले विचारतात, “टॉलस्टॉय-दस्तयेवस्कीवर जगाने लिहून ठेवले, आम्ही नवे काय करणार?” मी त्यांना आधी कोकणातल्या चौल बंदराला पाठवते.

रशियातल्या त्वेर शहरातला अफानासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून जुन्नर, बिदर असा हिंडला आणि परत जाताना दाभोळला जहाजात चढला. त्वेरला पोहोचण्याआधीच वाटेत वारला, पण त्याची वही उरली. शिवछत्रपतींच्या जन्माआधी दीडशेहून अधिक वर्षे या माणसाने जुन्नरचा पावसाळा लिहून ठेवला आहे: चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, त्यातच लोकांची नांगरणी-पेरणी. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून धमकावले, तेही त्यात आहे. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. पर्यटक फोटो काढतात. पण ती वही जुन्या रशियनमध्ये आहे, मध्येच तुर्की-फारसी मिसळलेली आहे, आणि तिचा महाराष्ट्राच्या बाजूने, म्हणजे बहमनी काळातले जुन्नर आणि कोकण ठाऊक असलेल्या माणसाने, मुळातून अभ्यास करायला हवा. शेताचा, पिकांचा, बंदराचा तपशील आपल्या मुलाला जसा कळेल तसा मॉस्कोच्या पंडितालाही कळणार नाही. या एका वहीवर दोन-तीन प्रबंध होतील.

तिकडच्यांनी आपला अभ्यास केला आहे. तात्याना कातेनिना यांनी मराठीचे व्याकरण रशियनमध्ये लिहिले, ते 1963 मध्ये छापून आले. इरिना ग्लुश्कोवा यांनी पंढरपूर आणि वारकरी परंपरेवर वर्षानुवर्षे काम केले. आपल्याच वारीबद्दल रशियन अभ्यासक काय म्हणतात हे मराठी वाचकाला मराठीत वाचता यावे, असे एखाद्या एम. ए. च्या विद्यार्थ्याला वाटू नये का?

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठीही हे दार आहे. टिळकांना 1908 मध्ये शिक्षा झाली, मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला, आणि त्याच वर्षी लेनिनने त्यावर लिहिले. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1921 मध्ये मॉस्कोला गेले होते. कॉमिन्टर्न या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेचे दफ्तर मॉस्कोत आहे, त्यात हिंदुस्थानातल्या चळवळींचे कागद आहेत. बरेच कागद इंग्रजीतही सापडतात, पण याद्या, शेरे, पुढचा-मागचा पत्रव्यवहार लावायचा तर रशियन लागतेच. गिरणगावावर आपल्याकडे इतके प्रेमाने लिहिले गेले. त्या संशोधनाचे हे अंग अजून कमकुवत आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांचे तर मला फारच वाटते. लोकसाहित्याच्या वर्गात रशियन लोककथा-अभ्यासक प्रॉपचे नाव घेतल्याशिवाय तास होत नाही. कादंबरीवर बोलताना रशियन समीक्षक बाख्तिन येतो, साहित्याच्या घडणीकडे पाहणारा रूपवाद शिकताना श्क्लोव्स्की. हे सगळे आपण इंग्रजीच्या ओंजळीने पितो. प्रॉपने 1928 मध्ये परीकथांची जी मांडणी केली ती रशियन कथांवर केली. त्या मूळ कथा वाचून, मग आपल्या कहाण्या, जात्यावरच्या ओव्यांतल्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिले तर काय टिकते आणि काय मोडते, हे शोधणारा माणूस मराठी आणि रशियन दोन्ही जाणणाराच हवा. असा माणूस घडवायला मराठी विभाग आणि रशियन विभाग यांनी एकत्र बसून एक मार्गदर्शक इकडचा, एक तिकडचा असा पीएच. डी. चा रस्ता मोकळा केला पाहिजे. एकाच विद्यापीठात दोन्ही विभाग आहेत. पैसा लागत नाही, इच्छा लागते.

अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये रशियाला गेले, परत येऊन त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. 2022 मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्य ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, आपल्याकडचे नेते उद्घाटनाला गेले, याचा मला आनंद आहे. पुतळ्यापाठोपाठ अण्णा भाऊंच्या नावाने मराठी-रशियन भाषांतरासाठी एक अभ्यासवृत्ती राज्य सरकारने सुरू करावी. दरवर्षी एक विद्यार्थी, दोन वर्षे, एक पुस्तक इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे. मागणी फार मोठी नाही.

जुन्या सोव्हिएत पुस्तकांबद्दलही सांगायला हवे. माझ्या पिढीने मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके स्वस्तात घेतली, गाडीवरून, प्रदर्शनातून. गुळगुळीत कागद, सुंदर चित्रे. मराठी भाषांतरकार मॉस्कोत राहून हे काम करत. 1991 नंतर तो ओघ थांबला. आज ती पुस्तके गावोगावच्या वाचनालयांत ‘जीर्ण’ असा शिक्का बसून रद्दीत चालली आहेत. कोणती पुस्तके आली, मुळाशी ताडून पाहता काय वगळले, मुलांच्या मराठीवर त्यांचा काय परिणाम झाला, हा पूर्ण संशोधनाचा विषय आहे आणि त्याची साधने डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत. ग्रंथपालांना माझी हात जोडून विनंती आहे, ती पुस्तके काढून टाकण्याआधी जवळच्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाला एक फोन करा.

दिंडोरीच्या त्या मुलीने पुढे सीयूईटी दिली आणि ती आता दिल्लीत शिकते आहे. आमच्या वर्गातल्या आणखी एकीला जायचे होते. तिला करिअर मार्गदर्शन करणाऱ्या एका केंद्राने जूनमध्ये जेएनयूचा फॉर्म भरायला सांगितले, तेव्हा सीयूईटीची मुदत केव्हाच संपून गेली होती. तिचे वर्ष गेले. माझे मुख्य मागणे यातूनच आले आहे. सीयूईटीचे अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरले जातात आणि परीक्षा मे महिन्याच्या आसपास होते. रशियन सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्जही आदल्या हिवाळ्यातच हलतात. निकालानंतर जूनमध्ये छापलेली पुरवणी या वाटेने जाणाऱ्या मुलांच्या हाती उशिरा पडते. आपण परकीय भाषांचे एक पान दिवाळीनंतर, डिसेंबरच्या आत छापावे, आणि त्यात बारावीनंतरच्या पदवीची माहिती प्रमाणपत्र-पदविकेपासून वेगळी द्यावी. रशियनपुरता मजकूर मी तारखा तपासून लिहून देईन, मानधन नको. इतर भाषांसाठी त्या त्या विषयाचे शिक्षक मदत करतील याची मला खात्री आहे.

आपली,
एक निवृत्त तांत्रिक भाषांतरकार,
नाशिक